विहारात दिलेले बूट

वयाच्या अटीत माझ्या पोलीस भरतीच्या दोनच खेपा उरल्या होत्या. त्या हुकल्या की जन्मभर शिलाई मशीन, हे घरात ठरलेलंच. म्हणून मायनं मला गोंदियाच्या बाजारात नेलं आणि पळायचे नवे बूट आणि निळा ट्रॅकसूट घेऊन दिला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये तो खिलाड़ी लोग ले जाते हैं." झालं! मी तिथेच खेळाडू झाले.

जुन्याचं काय करायचं? आमच्या गोरेगावच्या वस्तीत बुद्धपौर्णिमेला विहारात सतरंजी अंथरत. द्यायचं ते धुऊन, बटणं लावून तिच्यावर ठेवायचं. विहाराची किल्ली सांभाळणाऱ्या मावशीचा एकच दंडक होता : ठेवलं की निघायचं, मागं वळून कोण उचलतं ते पाहायचं नाही. मी जुने कॅनव्हासचे बूट ठेवले. करंगळीपाशी फाटले होते, तिथे मी छत्रीच्या काळ्या कापडाचं ठिगळ लावलं होतं. फार मोठं दान केल्यासारखी मान ताठ करून घरी आले.

आठवडाभरानं पहाटे तलावाच्या पाळीवर धावताना एक पोरगी मला मागं टाकून गेली. वस्तीच्या टोकाला राहणारी, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात धानाच्या रोवण्याला जाणारी, आधी अनवाणी धावायची. पायात माझे बूट. ठिगळ ओळखलं मी. अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! रोज तेच. मी नव्या बुटांत धापा टाकत, आणि माझंच ठिगळ माझ्यापुढे.

मला वाटायला लागलं, माझी सगळी मेहनत त्या बुटांत राहिली आणि मी ती फुकट वाटली. हसू नका, तेव्हा मला हे खरंच वाटत होतं. भरतीच्या चार दिवस आधी मी तिला पाळीवर गाठलं.

"बूट बदलते का? हे घे तुले."

"कायले वो ताई? तुमचे तं नवे आहेत."

"मले चावून राहिले."

साफ खोटं. पण पोरीचा चेहरा पडला, माझ्या पायाच्या काळजीनं. खाली बसून तिनं माझे बूट मला दिले, वरून म्हणाली, "ठिगळ मी पुन्हा शिवलं, पक्कं आहे." दिलेलं दान मी असं परत उकळलं.

भरतीच्या मैदानावर ती माझ्या नव्या बुटांत सुटली ती सुटलीच. मी पाहिली ती तिची पाठ. बुटांत काही नव्हतंच, त्या पोरीचे पायच तसे होते. यादीत तिचं नाव लागलं, माझं नाही. ती पेढे घेऊन आली तेव्हा मी मोरीत भांडी आपटत बसले, बाहेर आले नाही. पोटात दुखत होतं, आणि औषध नव्हतं त्यावर.

माझ्या जुन्या बुटांचे तळ उन्हाळ्यात निघून आले. शेवटची भरती तोंडावर, आणि पुन्हा नवे घेऊन द्या म्हणायची माझी हिंमत नव्हती.

बुद्धपौर्णिमेला मायच्या दोन साड्या घेऊन विहारात गेले. सतरंजीच्या कडेला मी तिला दिलेले ते नवे बूट होते. नाड्या धुतलेल्या, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. तिला ट्रेनिंगला सरकारी बूट मिळाले असणार. या वेळीही मी जळलेच, की हिला आता द्यायला सुचतं.

साड्या ठेवल्या, पण पाय निघेना. दार लावायला आलेल्या मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"उचल बापा," ती म्हणाली, "दंडक कोणासाठी केला मंग?"

आणि ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.