माझा त्रास सौम्य नव्हता

बोईसरच्या त्या खोलीत मला दहा प्रश्न विचारले आणि दहांतला एकही माझ्या कामाचा नव्हता. हे आधीच सांगतो, कारण नंतर लोक म्हणतात म्हाताऱ्याचा स्वभावच तापट. स्वभाव तापट आहेच, पण हा राग उगाच आलेला नाही.

उमरोळीच्या पश्चिमेला आमची चिकूची वाडी आहे. झाडं वडिलांनी लावली. मी चौथी पास झालो आणि वाडीत आलो, तेव्हापासून झेला माझ्या हातात. झेला म्हणजे लांब बांबू, टोकाला आकडा आणि जाळीची पिशवी. मान मागे टाकायची, हात वर ताणायचे, पानांत लपलेलं फळ बघायचं, देठाला आकडा लावून अलगद ओढायचं. फळ जाळीत यायला हवं. जमिनीवर पडलेला चिकू त्या दिवशी चांगला दिसतो आणि तिसऱ्या दिवशी आतून काळा निघतो. असं काम दिवसाला चार-पाच तास, पन्नासाच्या वर वर्षं केलं. हात दुखले असतील, पण दुखणं मोजायला कोणाला वेळ होता?

दसऱ्याच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मानेतून निघायच्या, खांद्यावरून, कोपराच्या बाहेरच्या अंगानं खाली अंगठ्यात आणि त्याच्या शेजारच्या बोटात. आधी मुंग्या, मग आग, मग काहीच नाही. ते काहीच नाही सगळ्यांत वाईट. झेला हातात आहे की सुटला ते डोळ्यांनी बघावं लागायचं. एकदा सुटला तो मुलाच्या पायापासून हातभर अंतरावर आदळला.

मुलगा बोईसरला कारखान्यात आहे, पाळीवर जातो. त्या दिवशी त्यानं झेला उचलून माझ्या हातात दिला. चार दिवसांनी जेवताना म्हणाला, "बाबा, माघापासून तोडणी ठेकेदाराला देतो. त्याची माणसं येतील. तुमी बसून बघा."

"कोणाला विचारून?"

"तुमच्या हाताला विचारून."

"वाडी माझी हाय."

"वाडी तुमचीच हाय. हात तुमचा ऱ्हायला नाय."

ताटावरून उठलो. ठेकेदाराची माणसं मी दुसऱ्यांच्या वाडीत बघितली आहेत. आकडा लावायला वेळ जातो म्हणून फांदी धरून हलवतात. निम्मी फळं खाली, कोवळी फूटही खाली, पुढच्या वर्षीचं नुकसान फुकट. हे मी खुर्चीवर बसून बघायचं! हात धुऊन परत आलो आणि विचारलं, "माघापर्यंत हात बरा केला तर?"

"तर तुमीच तोडा. मी कोण नाय म्हणणारा?"

त्या खोलीचं त्यानंच सांगितलं. कुठल्या कॉलेजातली माणसं मानेच्या आणि हाताच्या दुखण्याचा अभ्यास करायला बोईसरला येत होती. ज्याला अभ्यासात घेतील त्याला सहा आठवडे उपचार, एक दिवसाआड. मुलाच्या कारखान्यातले दोघे जात होते. मीही रिक्षात बसून गेलो.

बाकावर आठ-दहा जण होते, बहुतेक कारखान्यातले. खोकी उचलणारे, माल भरणारे, आणि सगळ्यांचा एक हात मानेवर. शेजारचा बिहारकडचा माणूस होता, पॅकिंगवाला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, अंदर ज़्यादा बोलना. कम बोलोगे तो घर भेज देंगे."

"हम झूठ नहीं बोलता," मी माझ्या हिंदीत म्हटलं.

"झूठ कौन बोल रहा है? थोड़ा रोना भी पड़ता है, काका."

मी त्याच्याकडे पाठ केली. रडायला सांगतो मला!

आत डॉक्टरीण होती, पंचवीस-सत्तावीसची. "या आजोबा, बसा."

"आजोबा घरी नातवंडांचा. काका म्हण."

"बरं, काका."

तिचा हात मात्र चांगला होता, खोटं बोलणार नाही. मान डावीकडे, उजवीकडे, मागे केली, डोक्यावर हलका दाब दिला तशी वीज सरळ अंगठ्यात उतरली. मी दात दाबून गप्प बसलो. कोपरावर छोटी हातोडी मारली. "मानेत शीर दबतेय, काका," ती म्हणाली. ते मला आधीच माहीत होतं, फक्त नाव माहीत नव्हतं.

मग तिनं कागद काढला. दार उघडं, बाकावरची माणसं चार पावलांवर, आणि ती मोठ्यानं वाचायला लागली.

"पुस्तक वाचताना मान किती दुखते?"

"अजिबात नाय."

हे खरंच आहे. मी पुस्तक वाचत नाही. बसची पाटी वाचतो, लग्नाची पत्रिका, सातबारा, अक्षर अक्षर लावून. मांडीवर पुस्तक घेऊन कधी बसलो नाही. पण हे तिला, त्या सगळ्यांच्या देखत, कशाला सांगायचं? दुखत नाही, एवढंच तिनं विचारलं होतं.

"गाडी चालवताना?"

"काय त्रास नाय." गाडीच नाही तर त्रास कुठला.

"करमणुकीच्या गोष्टी करताना?"

"नाय."

"झोप लागते?"

"लागते." खुर्चीत बसून लागते. आडवा झालो की हात पेटतो. कशी लागते ते तिनं विचारलं नाही.

"आंघोळ, कपडे, सगळं स्वतःचं स्वतः करता?"

"मग कोण करणार?" सदरा बायको अंगात चढवते. परक्या बाईला हे सांगायचं काय?

"वजन उचलता येतं?"

"येतं." डाव्या हातानं.

"नेहमीचं काम?"

"काम करता येत नाय असा दिवस अजून उजाडला नाय."

असे दहा झाले. तिनं बेरीज केली आणि हसून म्हणाली, "चांगली बातमी आहे, काका. तुमचा त्रास सौम्य आहे. या अभ्यासात आम्ही मध्यम आणि त्याच्या वरचे घेतो. हा व्यायामाचा कागद घ्या, घरी करा."

बाहेर आलो तर पॅकिंगवाला आत चालला होता. तो घेतला गेला, हे मला मुलाकडून कळलं. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याचा खांदा मी बघितला होता, एका बाजूला उतरलेला. पण त्याला त्या खोलीची रीत माहीत होती आणि मला नव्हती. आमच्यात कोणी विचारलं की बरं हाय म्हणायचं. पाय मोडलेला असला तरी बरं हाय. दुखण्याची दवंडी पिटली की उद्या वाडी मागायला लोक येतात.

घरी बायकोनं विचारलं. मी सांगितलं, सौम्य.

"सौम्य?" ती म्हणाली. "मंग सदरा कोण चढवतं तुमच्या अंगात, ती डॉक्टरीण येते काय सकाळी? माझ्यावर डाफरताना सौम्य नाय दिसत तुमचा त्रास. तिकडं मोठे पैलवान आन् इकडं आई गं, आई गं."

"तू गप."

"मी गप बसते. माघात ठेकेदार यील, त्याला सांगा सौम्य हाय म्हणून."

तिच्यावर चिडलो, मुलावर चिडलो, कागद फाडणार होतो. फाडला नाही, कारण डाव्या हातानं एका झटक्यात फाटेना. चार दिवस भिंतीला हात लावून ते व्यायाम केले. पाचव्या दिवशी चहाचा कप हातातून गेला. तेव्हा परत बोईसरला गेलो.

डॉक्टरीण दारातच होती. तिला म्हटलं, "बाय, माझा कागद परत काढ. चुकीचा हाय."

"कागद आता बदलता येत नाही, काका. एकदा भरला की बंद."

"मी चुकीचं नाय बोललो. तुझे प्रश्न चुकीचे हायत."

आवाज ऐकून तिचे सर बाहेर आले. केस पिकलेले, चष्मा, शांत बोलणं. मला शांत बोलणाऱ्यांचा जास्त राग येतो. ते म्हणाले, "काका, रुग्णांनी नंतर येऊन उत्तरं बदलली तर आमचा अभ्यास खोटा ठरेल."

"आता खरा हाय काय? तुमच्या कागदावर मी सुखी माणूस हाय."

"हे प्रश्न सगळ्या जगात असेच विचारतात."

"मंग सगळ्या जगात माझ्यासारखे किती सौम्य निघाले असतील ते मोजा आधी."

डॉक्टरीण मधे पडली. "काका, जो प्रश्न लागू नव्हता तो लागू नाही म्हणायचं होतं. आम्ही तो सोडला असता."

"पुस्तक वाचता काय, हे तू विचारलंस कुठं? दुखतं काय तेवढंच विचारलंस."

बाक गच्च भरलेला होता, मुलाच्या कारखान्यातला एक जणही त्यात होता. तो माझ्याकडे बघत होता. परत फिरलो असतो तर त्याच रिक्षानं घरी, आणि माघात खुर्ची. म्हणून बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"मी पुस्तक वाचत नाय. चौथी शिकलोय, अक्षर लावून वाचतो. गाडी नाय माझ्याकडं. सदरा बायको घालते. आडवं पडता येत नाय म्हणून महिनाभर खुर्चीत झोपतो. वजन डाव्यानं उचलतो. आन् झेला धरता येत नाय, जे माझं काम हाय, ते तुमच्या कागदावर कुठंच नाय. झालं? आता लिहा."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, कोणावर तरी हात उगारता आला असता. कारखान्यातला तो माणूस चपलेकडे बघायला लागला. माझे कान तापले होते. ज्या गोष्टी मी माझ्या भावाला सांगितल्या नाहीत त्या मी बोईसरच्या बाकाला सांगितल्या, आणि त्या सांगायला मला लावलं, याचा राग माझा अजून उतरलेला नाही.

डॉक्टरीण आत गेली आणि दुसरा कागद घेऊन आली. त्यावर प्रश्न नव्हते, नुसत्या रिकाम्या ओळी. "यात तुमची कामं तुम्ही सांगायची, काका. जी हातानं होत नाहीत ती." मी सांगितलं, तिनं लिहिलं. झेला वर धरणं. वरच्या फळाकडे बघणं. सदरा. तिला झेला कळला नाही तेव्हा तिच्या टेबलावरची पट्टी घेऊन दाखवलं. पट्टी डोक्यावर नेईपर्यंत अंगठा बधिर झाला. सरांनीही ते बघितलं.

"आधीपासून होता हा कागद?" मी विचारलं.

"होता," ती म्हणाली. "पण अभ्यासात आम्ही पहिला वापरतो."

आणि तसंच झालं. सर म्हणाले, अभ्यासात नाही घेता येणार, पण दुपारनंतर इतर रुग्ण बघतात त्या वेळात हिनं माझ्यावर उपचार करावेत. मला उपचार मिळाले, मोजणीत मात्र मी नाही. लोक म्हणतात, तुला काय करायचंय, हात बरा झाला ना? मला करायचंय. तो अभ्यास कधी छापून येईल, कोणी मोठा डॉक्टर तो वाचेल, आणि त्यात मान मागे टाकून काम करणारा एकही माणूस नसेल. मग पुढच्या म्हाताऱ्यालाही तेच पुस्तक आणि तीच गाडी विचारतील. तो माझ्याइतका भांडला नाही तर सौम्य होऊन घरी जाईल.

सहा आठवडे गेलो. ती मान हळूहळू ओढायची, हात भिंतीला टेकवून शीर सरकवायची, खांद्यामागचे पंखे मागे घ्या म्हणून दटावायची. रोज भांडण. "दहा फळं तोडायची, मग मान खाली घेऊन थांबायचं," ती म्हणायची.

"दहा फळांनी पाटीचा तळ तरी झाकतो काय?"

"चिकू पळून जाणार आहेत का, काका?"

एकदा म्हटलं, "तू ये वाडीत, धर झेला एक तास, मंग सांग." ती म्हणाली येईन. आली नाही. उपचार संपल्यावर तिची बदली झाली की कॉलेजात परत बोलावलं, कोण जाणे. शेवटच्या दिवशी सदरा माझा मी घातला, ते मात्र तिच्यासमोरच.

माघ लागला. मुलानं ठेकेदाराला थांबवून ठेवलं होतं, तेवढा शब्द त्यानं पाळला. रात्रपाळी करून आला आणि झोपायच्या ऐवजी झाडाखाली येऊन उभा राहिला. मी त्याला जा म्हटलं, तो गेला नाही.

खालच्या फांद्या झाल्या. मधल्या झाल्या. दहा तोडून थांबत होतो, चिडत होतो, पण थांबत होतो. एकही फळ जमिनीवर नाही. मग लांब बांबू घेतला आणि शेंड्याकडे बघितलं. तिसऱ्या फळाला मुंग्या आल्या, पाचव्याला आग. सहाव्याला आकडा देठावर आहे की पानावर, माझ्या हाताला कळेना.

"बाबा, पुरे."

"गप ऱ्हा."

झेला पडू दिला नाही. माझा मी खाली आणला, उभा केला आणि त्याच्यापुढे धरला. "वरचं तू तोड. ठेकेदार नको."

"मला कुठं येतं?"

"चाळीशी आली तुझी, वाडीत जन्मलास, येत नाय म्हणतो! धर."

त्यानं धरला. पहिलं फळ दाणकन खाली आलं. मी जे बोललो ते इथे सांगता येत नाही, शेजारच्या वाडीतली बाई कामावरून वर बघायला लागली. दुसरंही खाली. मुलगा मान चोळत म्हणाला, "बाबा, ह्ये लई दुखतं वो."

"किती दुखतं ते नको सांगू," मी म्हटलं. "आकडा देठाला लाव, फळाला नाय."

अंगठा माझा बधिर होता. तरी त्याच्या हातावर हात ठेवून बांबू नीट कसा धरायचा ते दाखवावं लागलं.