हायब्रीडच्या वर्षीची टोपली

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परभणीला खोलीवर स्वतः भाकरी थापायचो आणि त्यासाठी लागणारी ज्वारी दिवाळीच्या सुट्टीत गावाकडून न्यायचो. ती मायच्या मजुरीची असायची. झरीच्या बाजूला आमच्या गावात कणसं खुडायला जाणाऱ्या बाईला संध्याकाळी टोपलीभर कणसं मिळत. पैसे नाहीत, टोपलीच. या ज्वारीवर माझं कॉलेज चालू होतं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी माय जायची त्या शेताच्या मालकांनी पहिल्यांदाच हायब्रीड ज्वारी पेरली. ताटं बुटकी, पण कणसं मुठीत न मावणारी. देशात पीक वाढलं की ते हळूहळू सगळ्यांच्याच घरात येतं, असं मी वर्गात नुकतंच शिकलो होतो. मायला ते समजावून सांगितलं. तिला पटलं असावं, कारण खुडणीला जाताना तिनं शेजारची मोठी टोपली मागून आणली.

"वैनी, टोपली आणली का बैलगाडी?" बाया हसल्या.

"पोरगं शिकायलंय माझं. त्याला भूक लय लागती," माय म्हणाली.

मीही त्यांच्यासोबत खुडायला होतो. संध्याकाळी बाया नेहमीसारख्या राशीभोवती टोपल्या घेऊन बसल्या. मालक आले आणि म्हणाले, यंदापासून मजुरी रोख. आधी कुणाला नीट समजलंच नाही. एकीला वाटलं, कणसं देऊन वर पैसेही देणार. ती खुशीत हसली. मग मालकांनी शांतपणे सांगितलं, "बियाणं इकत, खत इकत. जुन्या रिवाजानं टोपल्या वाटल्या तर मला काय उरंल?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या पुस्तकाप्रमाणंही ते बरोबरच होतं. मला जो धक्का बसला, तो बहुधा त्यामुळेच. एवढी मोठी रास त्या शेतात मी कधी पाहिली नव्हती, आणि बाया रिकाम्या टोपल्या उचलत होत्या.

माय भांडली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तू म्हणला हुतास, पीक वाढलं की समद्यांच्या घरात येतं."

मी तिच्या हातातली रिकामी टोपली घेतली.

रोजाच्या पैशांत दुकानातून घरापुरती ज्वारी आली. खोलीवर न्यायला उरली नाही. सुट्टी संपली त्या दिवशी मालकांचा माल ट्रकनं परभणीच्या मोंढ्याला, धान्याच्या बाजारात, निघाला होता. निदान एस.टी.चं भाडं वाचेल म्हणून मायनं विनवलं, "मालक, पोराला वर बसू द्या." ते लगेच हो म्हणाले. अभ्यास कसा चाललाय, हेही त्यांनी विचारलं, अगदी आपुलकीनं.

मी रिकामी पिशवी घेऊन ज्वारीच्या पोत्यांवर चढलो. ट्रक हलला. पोती इतकी गच्च भरली होती की धरायला एक सैल कोपरा सापडेना.