माझा घरगुती अल्सर

मला कॅन्सर झालाय हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला ते माहीत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला म्हणे अल्सर होता. माजिवड्याच्या हॉस्पिटलात ज्या दारातून मला आत नेत, त्यावर ठळक अक्षरांत 'कर्करोग विभाग' लिहिलेलं. बायको म्हणाली, "अहो, बिल्डिंग एकच आहे ना, सगळे इथूनच जातात." केस गळायला लागले तेव्हा मेहुण्याने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, अल्सरमध्ये केस गळतातच अशी माहिती पुरवली. हा आमच्या घरचा बिनखात्याचा मंत्री. त्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे पंखासुद्धा बदलत नाहीत.

मी मानपाड्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. चलन वाचल्याशिवाय खिळा आत घेतला नाही. तो मी स्वतःचा रिपोर्ट वाचणार नाही? पहिल्याच दिवशी, ती केमिस्टकडे गेलेली असताना, वाचून काढला. पण तिची धडपड बघून गप्प बसलो. आणि खरं सांगायचं तर अल्सर मानून चालणं मलाही बरं वाटत होतं. घाबरलो होतो मी.

दोन महिने असे गेले. मग एका रविवारी मेहुणा दोन माणसांना घेऊन आला. "भावोजी, सोसायटीकडून आलेत, गळती बघायला." गळती बघणाऱ्यांनी बाल्कनी टेपने मोजली, मेंटेनन्स किती येतो ते विचारलं आणि दार पूर्वेला आहे म्हणून समाधान व्यक्त केलं. माझ्या उपचारासाठी माझंच घर विकायला काढलं होतं, आणि मी तिथेच कॉटवर पेज पीत बसलो होतो.

खरं तर काखेत कळसा आणि गावाला वळसा. कपाटात माझी टर्म पॉलिसी होती. साड्यांच्या तळाशी, फडक्यात बांधून ठेवलेली, कारण माणूस जिवंत असताना त्या कागदांना हात लावणं बायकोला अभद्र वाटायचं. ती माणसं गेल्यावर मी म्हणालो, "ती पॉलिसी काढ जरा."

"शुभ बोला हो!" बायको दचकली.

मेहुण्याने माझ्या पायावर हात ठेवला. "भावोजी, ते पैसे... नंतरचे असतात."

"नंतरचे वेगळे. मी त्यात गंभीर आजाराचा रायडर घेतलाय. हप्ता थोडा जास्त भरला त्यासाठी. यादीतला आजार निघाला की पैसे आपल्याच हातात, जिवंतपणी. घर कशाला विकतोस?"

मेहुण्याने मान हलवली. "पण भावोजी, अल्सर यादीत नसणार."

"कॅन्सर आहे," मी म्हणालो.

मेहुण्याने न वाजलेला फोन कानाला लावला आणि तो जिन्यात गेला.

क्लेम मंजूर झाला आणि घर राहिलं. निदानानंतर ठरावीक दिवस जगून दाखवायचं अशीही एक अट होती. ती तेवढी मी मेहुण्याचा सल्ला न घेता पूर्ण केली होती. पण त्याआधी क्लेमचा फॉर्म भरायचा होता. सही विमेदाराचीच लागते, त्यामुळे मला अंधारात ठेवून तो भरणं कोणालाच शक्य नव्हतं. सलाईनने माझा हात सुजलेला. सहीपुरता तो चालणार होता, म्हणून बाकीचं बायको लिहायला बसली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. आजाराच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं, ती आता रडेल. ती भडकली. एवढी चिडलेली मी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होतो.

"मग दोन महिने बाथरूममध्ये नळ सोडून मी एकटीच का रडत होते?"