समजा

आमच्या वर्गातल्या लालबागच्या मित्राने ‘समजा’ या शब्दाशिवाय एखादं वाक्य उच्चारलं असेल, तर ते बोलायला शिकण्याच्या आधी. गणितातल्या निम्म्या सिद्धता ‘समजा’ने सुरू होतात हे आम्हालाही ठाऊक होतं, पण तास संपला की आम्ही तो शब्द वहीत मिटून कॅन्टीन गाठायचो. हा तो घरी घेऊन जायचा. आईने मसाला कुटून आणायला पाठवलं, तर दुकानदाराला विचारी, समजा मिरच्या दुप्पट केल्या तर तिखटपणाही दुप्पट होईल का? एकदा दुकानदार म्हणाला, आज खा आणि उद्या सकाळी येऊन सांग. याला त्यातला विनोद कळला नाही. त्यावर विचार करत करत तो मसाला तिथेच विसरून घरी आला. त्याची आई डबे करून घर चालवायची. पोळ्या लाटता लाटता ती मालवणीत म्हणायची, “झिला, समजा समजा करून पोट भरणा नाय.”

आपल्याकडे मुलगा गणितात हुशार निघाला, की त्याला गणितापासून लवकरात लवकर लांब न्यायची सोय होते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजात ती सोय करायला कंपन्या आल्या आणि याला इंटर्नशिपच्या दोन जागा मिळाल्या. एक परळच्या काचेच्या टॉवरमध्ये, शेअरची उलाढाल करणाऱ्या कंपनीत. तिथे स्टायपेंड भरघोस, आणि काम पसंत पडलं तर लगेच पक्की नोकरी. दुसरी फोर्टातल्या एका जुन्या विमा कंपनीत. तिथे स्टायपेंड म्हणजे चहापाणी, पण तिथले एक म्हातारे साहेब अजून पेन्सिलीने संभाव्यतेची गणितं सोडवत बसायचे, आणि याच्या एम.एस्सी.च्या वेळा सांभाळून घ्यायला तयार होते. परळच्या मुलाखतीत याला विचारलं, उद्या बाजार वर जाईल की खाली? हा म्हणाला, समजा मला ते ठाऊक असतं, तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? ते हसले आणि त्यांनी त्याला घेतलं. असली माणसं आपल्यावर खूश झाली की खरं तर जपून राहावं.

दोन्ही कंपन्यांना शुक्रवारी उत्तर हवं होतं. गुरुवारी दादरच्या एका हॉटेलात त्याने माझ्यासमोर समजांचा ढीग घातला. समजा परळ घेतलं आणि गणित संध्याकाळी केलं. समजा फोर्ट घेतलं आणि शिकवण्या धरल्या. मी फोर्टच म्हणत होतो. माझे वडील बँकेत, मला म्हणायला काय जात होतं? चहा गार झाला. मग तो म्हणाला, “आईचे गुडघे गेलेत रे. डबे बंद करायचेत.”

या वाक्यात ‘समजा’ नव्हता. मी बिल मागवलं.

परळला पहिल्याच आठवड्यात साहेबाने त्याला बजावलं, इथे ‘समजा’ चालणार नाही, ठाम बोलायचं. म्हणजे बघा, ज्यांना उद्याचं काही ठाऊक नसतं त्यांनी ठाम बोलायचं, आणि जे कायमचं खरं सिद्ध करतात ते बिचारे ‘समजा’ म्हणत बसतात. तो शिकला. हुशारच होता. नोकरी पक्की झाली. आता फ्लॅट कुठे घ्यावा, पैसे कशात टाकावेत, सगळं तो ठाम सांगतो. मला त्याच्याशी बोलायचा कंटाळा येतो, आणि कंटाळा येतो याचं फार वाईट वाटतं.

परवा त्याच्या घरी गेलो. डबे खरंच बंद झालेत. काकू खुर्चीत पाय लांब करून बसल्या होत्या. तो आतल्या खोलीत फोनवर कुणाला तरी बाजार समजावत होता. काकूंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवून मला विचारलं, “समजा, तो थयसर फोर्टाक गेलो असतो, तर?”

मी गणितात एम.एस्सी. केलंय, म्हणून मला उत्तर येत असेल असं त्यांना वाटलं असावं.