पितळी जाळीतला राउटर

शिडीबाईंचा स्वभाव तापट. हे त्या स्वतःच आधी सांगून टाकतात, दुसऱ्याला तेवढेही कष्ट नकोत. घरोघरी इंटरनेट जोडून देणं हा त्यांचा धंदा. विशीत टेलिफोनच्या खांबांवर चढायला लागल्या, तेव्हा खांद्यावर घेतलेली शिडी पन्नाशी उलटली तरी खाली ठेवलेली नाही. मधे घरातल्या वायरी गेल्या, सगळं हवेतून यायला लागलं, तेव्हा बरोबरचे लोक म्हणाले, आता बाईंची शिडी माळ्यावर. बाई म्हणाल्या, "वायरी गेल्या, भिंती कुठे गेल्या?" आणि चष्मा चढवून, एका हाताने भाजी ढवळत, नव्या राउटरांची माहितीपुस्तकं वाचत बसल्या.

त्यांचं खरं भांडण लोकांच्या लपवालपवीशी. राउटर दिसायला बरा नाही म्हणून लोक तो कुठे कुठे कोंबतात हो! लोखंडी कपाटात, आरशामागे, एकाने तर माशांच्या टाकीमागे. "नेट मासेच वापरणार मग," असं त्याला तोंडावर सांगून बाईंनी टाकी हलवायला लावली होती. आणि हेच लोक वर म्हणणार, कंपनी बदला. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

त्या दुपारी त्या एका सुताराच्या घरी गेल्या. खाली वर्कशॉप, वर दोन खोल्या. दार सुतारकाकूंनी उघडलं आणि पाणी देता देताच सगळं सांगून टाकलं.

"यांना जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्याकडे बोलणं हातांनी. लेक लांब असते, नात दोन वर्षांची झाली. तिला ऐकू येतं, तोंडाने बोलायलाही लागलीय. लेक तिला हातांचं बोलणं शिकवते, पण व्हिडिओवर चित्र सारखं अडकतं. माझं अडत नाही, आवाज येतो. यांचा हात अर्ध्यात अडकला की शब्दच गेला. पोर कंटाळते आणि माझ्याकडे वळते. तीन आठवडे झाले, फोन आला की हे खाली जाऊन रंधा मारत बसतात." काकूंनी पदराने पेला पुसला. "तिला तोंडाचीच सवय पक्की झाली, तर हे तिच्यासाठी फोटोतले आजोबा होतील."

वाईट वाटलं की बाई आणखी करड्या होतात. "राउटर कुठाय?" एवढंच त्या म्हणाल्या.

राउटर एका पेटीत होता. आणि पेटी तरी कसली! सांधा बोटालाही लागू नये इतकी सफाईदार, आणि आतल्या यंत्राला हवा लागावी म्हणून दाराला पितळेची बारीक जाळी. सुतारकाका शेजारी उभे होते. कौतुकाची वाट बघत होते, हे उघड होतं. बाईंनी कपाळाला हात लावला. धातूची जाळी म्हणजे राउटरच्या लहरींना बंद दारच की.

"काका, पेटी फार सुंदर आहे," बाई म्हणाल्या, "आणि हिनेच तुमचा घात केलाय."

काकूंनी हातांनी फक्त पहिलं अर्धं सांगितलं. काकांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि बोटांनीच बजावलं, उरलेलं पण सांग. काकूंनी सांगितलं. काका खाली गेले, पेचकस घेऊन आले आणि स्वतःच्या हाताने दार काढून ठेवलं. कारागीर माणूस, रुसायला वेळ नसतो.

बाईंनी आपल्या चाचणीच्या फोनवर व्हिडिओ लावून पाहिला. चित्र थोडं सुधारलं, पण अडकायचं थांबेना. बाईंनी लॅपटॉप थेट बाहेरून येणाऱ्या वायरीला लावून पाहिला. लाइन स्वच्छ होती. मग त्यांनी घरभर फिरून मोजणी केली. टीव्ही, वर्कशॉपचा कॅमेरा, दोन फोन, बेल वाजली की लुकलुकणारे तीन दिवे. सगळ्यांचा भार एका म्हाताऱ्या राउटरवर.

त्यांनी पिशवीतून नवा काढला. "जुना म्हणजे एका खिडकीवरचा कारकून," त्यांनी काकूंना समजावलं. "एकाचं झालं की दुसऱ्याला म्हणणार, या. तुमची मालिका त्याच्यासमोर ठाण मांडते आणि काकांचा हात रांगेत ताटकळतो. हा नवा एका फेरीत चौघांची बारीक कामं उरकतो. शिवाय याची एक वाट चांगली रुंद आहे. ती भिंतीपलीकडे फार जात नाही, म्हणून फोन याच खोलीत घ्यायचा. तुमचा फोन नवा आहे म्हणून बरं. जुन्याला यातलं निम्मंही उमगत नाही."

काकूंनी हातांनी कारकून उभा केला, रांग उभी केली. काकांनी मान हलवली आणि आपल्या भाषेत करून दाखवलं: चौकटीचे चारही कोपरे एकाच वेळी आवळायचे, एकेक करून नाही.

"हं, तेच," बाई म्हणाल्या.

पाच वाजता लेकीचा फोन आला. बाईंनी मुद्दाम टीव्ही चालू ठेवायला लावला. काका जिन्याकडे निघालेच होते, काकूंनी मनगट धरून खुर्चीवर बसवलं. पडद्यावर लेक दिसली, मांडीवर नात. लेकीचे हात चालू लागले, काकांचे चालू लागले, कुठे खंड नाही की धूसरपणा नाही. काका बोलतच सुटले. मग त्यांनी नातीला विचारलं, आज काय खाल्लंस?

नातीने दोन्ही हात वर उचलले आणि तिथेच थांबली. हात अधांतरी, तोंड उघडं, पापणीसुद्धा हलेना.

काकूंचा चेहरा पडला. काकांचे हात गुडघ्यांवर आले आणि ते उठले. बाईंना घाम फुटला. राउटरचे दिवे तर सगळे ठीक होते. त्यांनी पडद्याजवळ नाक नेलं. नातीच्या मागचा खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता.

"अहो, अडकलं नाहीये," बाई म्हणाल्या. "पोर थांबलीय."

तिकडे लेक नातीकडे बघतच राहिली. मग तिने तोंडाने आणि हातांनी एकदमच सांगितलं. "बाबा, थांबा. घरी बाहुलीशी बोलताना ही अशीच मधे थांबते. मला वाटायचं, विसरते. ही तुमच्यासारखं बोलतेय. आजोबा बोलता बोलता थांबतात, तर त्यांच्याशी असंच बोलायचं असतं, असं वाटतंय तिला."

म्हणजे पोर कंटाळत नव्हती. एकूण एक बघत होती, अडकणंसुद्धा. काकूंनी सरळ डोळ्याला पदर लावला. बाईंनाही लावायचा होता, पण हातात चाचणीचा फोन होता.

काका हळूच परत बसले. त्यांनी एक शब्द सुरू केला आणि हात अर्ध्यात थांबवले. तिकडे नातीने डोळे मोठे केले आणि तीही थांबली. दोन्ही घरांत कुणी हललं नाही, टीव्हीवरची मालिका तेवढी भांडत होती. पहिल्या डावात आजोबा हरले, कारण डोळे भरून आले आणि त्यांचीच पापणी आधी लवली. नातीने लगेच दोन्ही हातांनी सांगितलं, परत.