बिनपथ्याचं औषध

सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खटखटाटात मिशनचा एक छोटा दवाखाना होता. सत्तरच्या दशकात मी तिथं नर्स होते आणि दवाखाना चालवायच्या गोऱ्या डॉक्टरीणबाई. लग्न केलेलं नव्हतं, म्हणून सगळे त्यांना मिसबाई म्हणायचे. साठीला टेकलेल्या, सोलापूरचे तीस उन्हाळे अंगावर काढलेल्या. मराठी पुस्तकातून शिकल्या होत्या, त्यामुळं आमच्यापेक्षा शुद्ध बोलायच्या. माझा त्यांच्यावर जीव होता हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्या नावानं बरीच बोटं मोडणार आहे.

आमच्या भांडणाचं मूळ एकच, पथ्य. आपल्याकडं माणूस औषध घेतो आणि दारातनं मागं वळून विचारतो, "पथ्य काय?" डॉक्टरनं सांगायचं, आंबट नको, तेलकट नको. मग तो समाधानानं घरी जातो. मिसबाई काय सांगायच्या? "पथ्य काही नाही. सर्व काही खा." अहो, सर्व काही खा! ज्याला पथ्य नाही त्या औषधाला गुण कुठला, असं म्हणून निम्मी माणसं गोळ्या कोनाड्यात ठेवून द्यायची.

त्यात ती आली. विणकराच्या घरातली, विड्या वळणारी, घरात तेलुगू बोलणारी. विशीची असेल. कडेवर तान्ही पोर आणि तोंडावर पदर धरून खोकणं. टीबी होता. मिसबाईंनी समोर बसवून सांगितलं, दीड वर्ष औषध, सुरुवातीला रोज इंजेक्शन, आणि दूध, अंडी, डाळ भरपूर खायची. अर्धवट सोडलंस तर जगणार नाहीस. तिनं मान डोलावली. तेवढ्यात मागनं सासूनं विचारलंच, "पथ्य काय वो?"

"काही नाही," मिसबाई म्हणाल्या.

चार दिवस आली, पाचव्या दिवसापासून बंद. मी घरी गेले तर सासू म्हणाली, "पथ्य न्हाई तर औशद कसलं? पानी टोचतीय तुमची मडम."

मी तणतणत परत आले. "मिसबाई, एखादं पथ्य सांगा की! वांगं खाऊ नको म्हणा. तुमचं काय जातं?"

"वांग्याने तिला अपाय होतो का?"

"नाही हो, पण..."

"मग मी असत्य कसे बोलू?"

"मरेल ती बाई!"

"आपण तिच्यासाठी प्रार्थना करू. आणि मी पुन्हा जाऊन समजावून सांगेन."

डोकंच फिरलं माझं. प्रार्थना मीही करते, आमच्या घरात तीन पिढ्यांचं ख्रिस्तीपण आहे. पण देवानं जीभ दिली ती कशाला? मिसबाई खरंच गेल्या, भर उन्हात छत्री घेऊन, एकदा नव्हे तीनदा. आणि तिन्ही वेळा तेच सांगून आल्या, सर्व काही खा. मी कपाळ बडवून घेतलं.

शेवटी त्यांना न सांगता मीच गेले. "अम्मा, मडम सांगायला विसरल्या. पथ्य आहे. कडक आहे. वांगं बंद, आंबट बंद." सासूचा चेहरा असा काही खुलला! दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन सगळ्यांच्या आधी दवाखान्याच्या दारात हजर. बघा, अक्कल कुणाला आहे, असं मी मनात म्हटलं आणि दिवसभर फुशारकीत वावरले.

दोन महिने एकही इंजेक्शन चुकलं नाही. ताप उतरला, खोकला कमी झाला. पण वजन काही वाढेना, उलट घटायलाच लागलं. मिसबाई तिला काट्यावरनं उतरवायच्या आणि पुन्हा चढवायच्या. औषधांच्या बाटल्यांवरच्या तारखा त्यांनी तपासल्या. आपल्या बंगल्यातल्या कोंबड्यांची अंडी रुमालात बांधून तिच्याजवळ द्यायला लागल्या. "माझे काय चुकते आहे?" असं मलाच विचारायच्या. मी आपली सुया उकळत बसायचे.

एके दिवशी सुई टोचताना हाताला नुसतं हाड लागलं. मी विचारलं, "काय जेवलीस गं?"

"पेज."

"आणि?"

"मीठ."

"आणि अंडी?"

"अंडं उष्ण की. दुधानं कफ हुतो, डाळ वातूळ. सासूबाई म्हनल्या, वांगं नि आंबट सोडलं तर इतका गुण आला, सगळंच सोडलं तर लवकर बरी हुशील." आणि वर हसून म्हणाली, "पोरीसाठी करते की बाई. मला जड न्हाई जात."

 तिला तिथंच बसवून मिसबाईंकडं गेले आणि सगळं सांगून टाकलं. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त छत्री घेऊन उठल्या. "चल. तिथे तूच सांगायचे."

तिला बरोबर घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. मी सांगितलं, "अम्मा, ते पथ्य मी खोटं सांगितलं होतं."

सासूनं मला वरनं खालपर्यंत न्याहाळलं. "तवा खोटं बोललीस, का आता बोलतीस?"

  पथ्यानं सुनेचा ताप उतरलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता.

मिसबाई खाली जमिनीवर बसल्या. "मला भूक लागली आहे. जेवायला वाढा."

मडम आपल्या घरी जेवणार म्हटल्यावर सासूची कोण धांदल उडाली! भात, चिंच पिळलेली डाळ आणि लाल तिखटात माखलेलं वांगं वाढलं. मिसबाईंनी ताट ओढून आपल्या आणि सुनेच्या मधे ठेवलं. "ही जेवली तर मी जेवेन."

सासूनं हात जोडले. मिसबाई ढिम्म हलल्या नाहीत. मी वैतागून कुजबुजले, "दवाखाना उघडा टाकून आलोय, चला आता." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तासभर ताट तसंच. शेजारच्या बाया दारात जमल्या. घरी आलेलं माणूस वाढल्या ताटावरनं उपाशी उठणार, केवढी नामुष्की! शेवटी सासूच रडकुंडीला येऊन ओरडली, "खा की गं एकदाची! म्हातारीला उपाशी मारतीस व्हय?"

सुनेनं एक घास घेतला. मग मिसबाईंनी घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. असं दीड महिना चाललं. रोज दुपारी दवाखाना बंद, रोज रांगेची बोलणी मला खावी लागायची. मी धुसफुसत बरोबर जायचे. पण काटा हलला. आधी थोडा, मग चांगला. सुनेच्या गालावर मांस आलं, आणि पुढं आमच्याशिवाय ती चारी ठाव जेवायला लागली. बाई जगली.

आमचं तिथं जाणं थांबलं त्याच आठवड्यात एका सकाळी मिसबाई दवाखान्यात आल्या नाहीत. मी बंगल्यावर गेले. मोरीत रक्ताची उलटी पडली होती आणि स्वयंपाकीण कपाळाला हात लावून बसली होती.

"पोटात जखम हाय त्यांच्या, दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "मोठ्या डाक्टरनं सांगितलंय, तिखट-आंबट जिभेला लावायचं न्हाई. दूधभातावर ठिवलंय मी त्यांना. तुला ठावं न्हाई?"

मी आत जाऊन ओरडलेच. "मला का नाही सांगितलं?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हळूच म्हणाल्या, "तू विचारले नाहीस."

असा संताप मला आयुष्यात कुणाचा आला नाही. ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसत होते आणि रागानं रडत होते. दीड महिना रोज त्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या घेऊन मीच बसत होते. जेवताना त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहायचं, आणि गोऱ्या माणसाला तिखट सोसत नाही म्हणून मी पदर तोंडाला लावून हसायचे.