तोक्ताबायचा चेहरा

कारासाय गावच्या लोकांना तोक्ताबायचा चेहरा लक्षात राहायला बरीच वर्षं लागली.

तो गावात आला तेव्हा चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा गडी होता. लोकर दाबून नमदे, म्हणजे जाड गालिचे, करणाऱ्या बुर्मा नावाच्या बाईकडे त्याने काम मागितलं. दिवसभर लोकर झोडपली, गरम पाणी शिंपडून चटईत गुंडाळली, कोपरांनी दाबली, आणि संध्याकाळी नान-दही खाऊन गोठ्यात झोपला. सकाळी बुर्माने त्याला पाहिलं आणि काठीच उचलली.

"कोण रे तू? माझ्या अंगणात काय करतोस?"

"कालचाच गडी."

"कालचा गडी वेगळा होता."

"वेगळा म्हणजे? कसा होता?"

बुर्माने तोंड उघडलं, पण तिला काही सांगता येईना. नाक कसं होतं, दाढी होती की नव्हती, काहीच आठवेना. काठी खाली ठेवत ती पुटपुटली, "असेल बाबा. लाग कामाला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी.

खानाच्या कोशतेपे किल्ल्याखाली एक काळा झरा आहे. खानासाठी जे माणसं मारत, त्यांना तिथलं पाणी पाजत. ते प्यालेला माणूस समोर असतो तोवर दिसतो, बोलतो. पाठ वळली की त्याचा चेहरा, आवाज, चाल सगळं बघणाऱ्याच्या मनातून पुसलं जातं. नाव राहतं, केलेलं काम राहतं, पण तो माणूस आठवत नाही. मग शिपायांनी शोधायचं तरी कुणाला? तोक्ताबाय अनाथ पोर म्हणून किल्ल्यात आला होता. मिसरूड फुटायच्या आत त्याच्या हातात ते पाणी आलं, आणि मग सुरी. म्हाताऱ्या खानाचं त्याच्यावाचून पान हलत नसे.

एकदा एका सरदाराला मारून तो पावसामुळे त्याच गावात अडकला. सरदाराच्या विधवेने मयताच्या जेवणाला वाटसरू म्हणून त्यालाही बसवलं, स्वतःच्या हाताने पुलाव वाढला. "पोटभर जेवा," ती म्हणाली. तो पोटभर जेवला. ते अन्न घशाखाली सहज उतरलं, याचीच त्याला पुढे भीती वाटत राहिली. त्या वर्षी म्हातारा खान मेला. किल्ल्यात भाऊबंदकी माजली, आणि त्या गोंधळात तोक्ताबाय चालता झाला.

बुर्माला त्याने हे सगळं सांगितलं. रोज सकाळी आपली ओळख द्यायची म्हटल्यावर माणूस खोटं तरी किती दिवस बोलणार? बुर्माही विधवा होती, जिभेने तिखट होती. ऐकून घेऊन ती बराच वेळ लोकर पिंजत राहिली. मग म्हणाली, "आता मारतोस का कुणाला?"

"नाही."

"मग त्या गुंडाळीचं दुसरं टोक धर."

पुढच्या वसंतात तिने त्याच्याशी लग्न केलं. विहिरीवर बायका चिडवायच्या, तर ही म्हणायची, "जळा तुम्ही! मला रोज नवा नवरा मिळतो." घरी मात्र रोज सकाळी दचकायची. तो दारातूनच दोघांपुरती एखादी खूण सांगायचा, मग ती सैल व्हायची. मुलगा झाला, बेकमुरात; तो रांगायला लागला, बापाला बघून रोज रडायचा. पाण्याचा अंमल हळूहळू, मुंगीच्या पावलाने उतरत होता. एका सकाळी तोक्ताबाय विहिरीवर होता, आणि लांबूनच बुर्मा ओरडली, "ए म्हाताऱ्या! पुन्हा ती भोकाची बादलीच नेलीस ना?"

तो विहिरीच्या काठावर बसला आणि चारचौघांत रडला. बादलीवरून कुणी एवढं रडतं का, म्हणून गाव हसलं. हसणाऱ्यांनाही आता तो आठवत होता.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. बेकमुरात मोठा झाला आणि मिराबाच्या हाताखाली कालव्याच्या दारांवर कामाला लागला. मिराब म्हणजे पाणी वाटणारा. आकदर्या नदीचं पाणी कुठल्या गावाला, किती वेळ, ते ओरोझअली मिराब ठरवायचा. त्याचा शब्द सगळं खोरं मानायचं. नव्या खानाला किल्ल्याभोवती बागा हव्या होत्या, त्यासाठी खालच्या गावांचं पाणी हवं होतं. ओरोझअलीने तोंडावर नाही म्हणून सांगितलं. त्याला उघड हात लावला असता तर खोरं पेटलं असतं.

त्या उन्हाळ्यात शिपायांनी बेकमुरातला दारं फोडल्याचा खोटा आळ घालून उचललं आणि किल्ल्याच्या खड्ड्यात टाकलं. पाठोपाठ यारमत कारासायला आला. हा एके काळी तोक्ताबायच्या हाताखाली शिकलेला. आता किल्ल्याचा कारभार त्याच्याकडे होता.

"उस्ताद, तब्येत झकास दिसते. नमदे विकून पोट सुटलं की तुमचं."

"तुझी जीभ पहिल्यापासूनच सुटलेली. काम सांग."

यारमतने ओरोझअलीचं नाव घेतलं. बुर्मा आत चूल फुंकत होती. तोक्ताबायने आवाज खाली आणला.

"माझा हात थरथरतो. सुईत दोरा ओवता येत नाही मला. किल्ल्यात तरणी पोरं मेली का सगळी?"

"मेल्यातच जमा. आजकालच्यांना ते पाणी पचत नाही, उस्ताद. पितात आणि स्वतःलाच विसरून बसतात. एक जण आरशासमोर बसून असतो, कोण बसलंय म्हणून विचारतो. तुमची हाडं जुनी आहेत."

"आणि नाही म्हटलं तर?"

यारमतने चहाचा घोट घेतला. "खड्ड्यात खालून पाणी झिरपतं. पोरगा खोकायला लागलाय. धमकी म्हणून सांगत नाही हो मी. आहे ते सांगतो."

जाताना त्याने काळ्या झऱ्याच्या पाण्याची कातडी बुधली कट्ट्यावर ठेवली.

बुर्मा बाहेर आली, तिने बुधलीकडे पाहिलं आणि खाली बसली.

"कुणाला मारायचंय?" तिने विचारलं.

"विचारू नकोस."

"दुसरं काही करता येणार नाही?"

"तू सांग. काय करू?"

खानाच्या पाया पडून आलेल्यांची पोरं त्याच खड्ड्यात मेलेली दोघांनाही माहीत होती. ती म्हणाली, "पोराला आण. तुझं तोंड मी पुन्हा शिकेन."

"तेवढी वर्षं कुठून आणायची, म्हातारे?"

चहा निवून त्यावर साय धरली, तरी ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तोही हलला नाही. मग त्याने बुधली तोंडाला लावली. चव तीच होती, गंजलेल्या खिळ्यासारखी. शेळ्या ओरडल्या म्हणून बुर्मा उठून परसात गेली. ती परत यायच्या आत तो वाटेला लागला होता.

ओरोझअलीची झोपडी वरच्या बंधाऱ्यापाशी, तुतीच्या सावलीत होती. भर दुपार. कालव्याच्या दारांवरची माणसं कुठे कुठे आडवी झाली होती. वाटेत दोघा-तिघांनी तोक्ताबायला सलाम केला आणि पुढच्या पावलाला विसरले. म्हातारा ओरोझअली मात्र जागा होता. मांडीवर खरबूज घेऊन कापत बसला होता.

"ये. खरबूज खातोस?"

तोक्ताबाय दारातच थांबला. "नको."

"दुपारी माझ्याकडे कुणी येत नाही. आला तर पाळी चुकवून पाणी मागायला येतो. तुझ्या हातात फावडं दिसत नाही." ओरोझअलीने सुरी पुसून बाजूला ठेवली. "तुझं कोण धरलंय त्यांनी?"

"मुलगा."

"नाव?"

"बेकमुरात."

म्हाताऱ्याचा हात खरबुजावरच थांबला. "माझा बेकमुरात? म्हणजे तू कारासायचा. अरे, कालव्याच्या शेपटीला गाव तुमचं. मी गेल्यावर पहिलं पाणी तुमचंच तुटणार, एवढं तरी कळतं का तुला?"

"कळतं."

"आणि तरी आलास."

"हो."

तोक्ताबायला वाटलं, आता हा ओरडेल. दारापलीकडे चार धट्टीकट्टी माणसं झोपली होती. ओरडला तर बरंच होईल, असंही त्याला वाटलं. पण ओरडल्यावर पोराचं काय होईल ते ओरोझअलीलाही कळत होतं.

"मी तुला माफबीफ करणार नाही," ओरोझअली म्हणाला. "पोरगा सुटू दे. चांगला आहे तो, बापावर गेलेला दिसत नाही. पण तुला माफी नाही. इथेही नाही आणि मेल्यावर वर जाऊनही नाही."

"मागत नाही मी."

"मग उभा का आहेस? ये."

पूर्वी या कामाला त्याला एका श्वासाचाही वेळ लागत नसे. या वेळी सुरी बरगडीवर अडली. म्हाताऱ्याने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि दोघे तसेच, मिठी मारल्यासारखे, जमिनीवर आले. सगळं संपायला फार वेळ लागला. तोक्ताबाय बाहेर पडला तेव्हा बाहेरच्या चौघांतला एक जण जागा झाला होता. तोक्ताबायच्या बाहीवरचं रक्त बघून तो किंचाळला, धावत आत गेला. तेवढ्यात तोक्ताबायने बाही दुमडली, आणि तो माणूस बाहेर येऊन त्याच्याच समोर उभा राहून विचारू लागला, "बाबा, इकडून कुणाला पळताना पाहिलंत का?"

यारमतने शब्द पाळला. बेकमुरात सुटला. तोक्ताबाय किल्ल्याच्या दारापासून त्याच्या मागोमाग, थोडं अंतर ठेवून चालत गावापर्यंत आला. वाटेत पोराला खोकल्याची उबळ आली तेव्हा त्याने पुढे होऊन पाण्याची पिशवी दिली. "उपकार झाले, बाबा," बेकमुरात म्हणाला. वाटेत प्रत्येक विसाव्याला त्याने तोक्ताबायला नव्याने विचारलं, "तुम्ही कुठले?"

घरी बुर्माने पोराला छातीशी धरलं. मग दाराशी उभ्या असलेल्या परक्या म्हाताऱ्यालाही आत बोलावलं, नान आणि चहा पुढे ठेवला.

"बाबा कुठेत?" बेकमुरातने आईला विचारलं.

"घोड्यांच्या बाजाराला गेलेत. येतील."

"वाटेत ऐकलं ते खरं का, आई? ओरोझअलींना मारलं?"

"खरं."

पोराचा चेहरा लालबुंद झाला. "पाणी प्यालेला कुणीतरी कुत्रा असणार खानाचा. मला भेटू दे. सुरी नको की काही नको, या हातांनी गळा दाबीन त्याचा. ओरोझअलींनी मला पाणी वाचायला शिकवलं होतं, आई. पोटच्या पोरासारखं..."

तोक्ताबायने नानचा तुकडा चहात बुडवला होता. तो तसाच वाटीत विरघळून गेला.

पोरगा झोपल्यावर बुर्मा त्याच्यासमोर येऊन बसली. त्याच्या तोंडाकडे, मग हातांकडे, पुन्हा तोंडाकडे बघत राहिली.

"तू तोच आहेस का?" तिने हळूच विचारलं.

विहिरीवरच्या बादलीचं नाव काढलं असतं तरी पुरलं असतं. त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. पोरगा झोपेत खोकत होता.

"कोण तोच?" तो म्हणाला. "मी गडीमाणूस आहे, बाई. काम असेल तर बघतोय."

बुर्माने सुस्कारा टाकला. तो सुटकेचा होता की कशाचा, हे त्याला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. "गोठ्यात जागा आहे," ती म्हणाली. "लोकर झोडपता येते का?"

शरद ऋतू आला तेव्हा कालव्यात गुडघाभर पाणी होतं, नंतर घोटाभर, नंतर नुसता चिखल. खानाने नेमलेल्या नव्या मिराबाने खालची दारं बंद केली होती. खोरं पेटलं नाही. वरच्या गावांना पाणी मिळत होतं, ती गप्प बसली. कारासायच्या जर्दाळूंची पानं हिरवी असतानाच गळली. विहिरीतून गाळ यायला लागला, तेव्हा लोकांनी बिऱ्हाडं उंटांवर चढवली. उत्तरेला खारपट्टीत मीठ खणायचं काम मिळतं असं ऐकलं होतं.

गावात फक्त लंगडा जुमाबाय मागे राहणार होता. त्याला प्रवास झेपणार नव्हता. निघताना बुर्मा त्याच्यापाशी गेली. तोक्ताबाय जवळच उंटाचा दोर धरून उभा होता. बेकमुरात पुढे तांड्याच्या तोंडाशी गेला होता.

"माझा नवरा आला तर सांगशील ना, जुमाबाय? आम्ही खारपट्टीला गेलोय म्हणावं."

"सांगेन. पण वहिनी, मला त्याचं तोंडच आठवत नाही बघ. कसा होता गं तो?"

"मलाही आठवत नाही," बुर्मा म्हणाली. "तो स्वतःच सांगेल. आणि त्याला म्हणावं, बेकमुरात घरात नसेल तेव्हा ये. मी दार उघडेन."

तोक्ताबायने ऐकलं. त्याने उंटाला उठवलं.

खारपट्टीत बुर्मा आणि बेकमुरातची एकच खोपटी होती, आणि गडी बाहेर मिठाच्या ढिगाआड झोपायचा. बेकमुरातचा खोकला वाढतच गेला. त्याला खाणीत उतरता येईना. तो दिवसभर दाराशी बसून असायचा, आणि तोक्ताबाय जगला तोवर एक दिवसही आईला सोडून कुठे गेला नाही.